शब्दपाठ : 'लिटोरल' म्हणजे नेमका कुठला किनारा?



आजच्या शब्दपाठासाठी क्वचित भेटणारं एक इंग्रजी विशेषण घेतलं आहे – लिटोरल. शाळेच्या इंग्रजीच्या पुस्तकात हा शब्द सहसा येत नाही. तो भेटतो तीन ठिकाणी : जीवशास्त्र-भूगोलाच्या वरच्या वर्गांच्या पुस्तकांत, इंग्रजी वर्तमानपत्रातल्या परराष्ट्र आणि संरक्षणाच्या बातम्यांत आणि कायद्याच्या कागदांत.

अर्थ एका ओळीत सांगायचा तर 'समुद्रकिनाऱ्याचा, किनाऱ्यालगतचा'. मराठी परिभाषेत त्याला 'तटवर्ती' किंवा 'वेलांचली' म्हणतात. पण एवढा अर्थ वहीत लिहून दिला आणि पुढच्या शब्दाकडे गेलो, तर शब्दाची खरी गंमत हातातून निसटते. देवगड, मालवण, वेंगुर्ला या तीन तालुक्यांतल्या किनाऱ्यावरच्या मुलांना तर हा शब्द परका नाहीच. त्यांच्या घरासमोरच्या जागेचंच ते नाव आहे. फक्त ती जागा कुठून सुरू होते आणि कुठे संपते, हे आपण कधी नीट विचारत नाही. ते विचारायला हा शब्द आपल्याला लावतो, म्हणून तो आज निवडला.

उच्चार आणि स्पेलिंग

स्पेलिंग असं : एल, आय, डबल टी, ओ, आर, ए, एल. शब्दकोशात उच्चार दिलेला असतो तो जवळजवळ 'लिटरल' असाच. पहिल्या अक्षरावर जोर द्यायचा. म्हणजे 'शब्दशः' या अर्थाचा जो नेहमीचा 'लिटरल' शब्द आहे, त्याचा हा जुळा भाऊ. कानाला दोघे सारखे, पण घराणी वेगळी. या लेखात गोंधळ नको म्हणून मी किनाऱ्याच्या शब्दाला सगळीकडे 'लिटोरल' असंच लिहिलं आहे.

'शब्दशः' वाला लिटरल आला 'लिट्टेरा' या लॅटिन शब्दापासून. लिट्टेरा म्हणजे अक्षर. लेटर, लिटरेचर, लिटरेट ही सगळी त्याचीच लेकरं. किनाऱ्याचा लिटोरल आला 'लीटुस' पासून. लीटुस म्हणजे समुद्रकिनारा. आता मौज बघा. अक्षरवाल्या लॅटिन शब्दात सहसा दोन 'टी' लिहीत, पण इंग्रजीत 'लिटरल' लिहिताना एकच उरला. किनारावाल्या लॅटिन शब्दात सहसा एक 'टी', पण त्याचं दोन 'टी' असलेलंही एक रूप लिहिलं जायचं आणि इंग्रजीने नेमकं तेच उचललं. त्यामुळे दोघांची जणू अदलाबदल झाली.

मुलांच्या लक्षात राहण्यासाठी सोपी खूण : किनाऱ्याच्या शब्दात दोन टी, कारण किनाऱ्याला दोन 'ती' – भरती आणि सुकती. एकदा सांगितलं की स्पेलिंग चुकत नाही.

शब्दाची फोड

लिटोरल = लिटोर + अल. शेवटचा 'अल' हा लॅटिन 'आलिस' प्रत्यय, 'त्याचा, त्याच्याशी संबंधित' या अर्थाचा. नॅशनल, सेंट्रल, नेव्हल या शब्दांत तोच आहे. आपल्याकडे सागर–सागरी, देश–देशी यांतला 'ई' जे काम करतो तेच काम.

पण मूळ शब्द 'लीटुस' असेल तर 'लिटोर' कुठून आला? 'स' चा 'र' कसा झाला? हुशार मुलं हा प्रश्न विचारतातच आणि त्याचं उत्तर मराठीच्या तासाला आपण आधीच शिकवलेलं असतं.

मराठीत शब्दाला प्रत्यय लागताना शब्द आपलं रूप बदलतो. घोडा–घोड्याला, पाणी–पाण्यात. याला आपण सामान्यरूप म्हणतो. लॅटिनमध्येही तसंच. 'किनारा' म्हणायचं तर लीटुस, पण 'किनाऱ्याचा' म्हणायचं तर लीटोरिस. विशेषण तयार होतं ते या बदललेल्या रूपापासून. कॉर्पस म्हणजे शरीर, त्याचं रूप कॉर्पोरिस, म्हणून कॉर्पोरेशन. टेम्पस म्हणजे काळ, त्याचं रूप टेम्पोरिस, म्हणून टेम्पररी. एक नियम कळला की तीन शब्द हाती लागतात.

आणि 'स' चाच 'र' का? दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या 'स' चा जुन्या लॅटिनमध्ये 'र' झाला. आता आपली विसर्गसंधी आठवा : निः + अंतर = निरंतर, निः + आधार = निराधार. हा 'निः' मुळात 'निस्'. पुढे स्वर आला की इथेही 'र' च होतो. दोन्ही भाषांचे नियम तंतोतंत एक नाहीत, पण घडतं ते इतकं सारखं की नववीच्या मुलाला चटकन पटतं. संस्कृत आणि लॅटिन या लांबच्या बहिणी आहेत हे नुसतं सांगण्यापेक्षा असं एक उदाहरण जास्त काम करतं.

लीटुसची बाकीची लेकरंही भेटण्यासारखी आहेत. इटलीत व्हेनिस शहरासमोर वाळूचं एक लांबट बेट आहे, त्याचं नाव लिडो. तो 'लीटुस' चाच पुढचा अवतार. त्या लिडोची पुळण इतकी गाजली की जगभरात पोहण्याच्या तलावांना आणि सिनेमागृहांना 'लिडो' नाव मिळालं. फ्रेंच आणि पोर्तुगीज भाषांत तर 'किनारपट्टी' या अर्थाने हा शब्द आजही रोजच्या वापरात आहे. इंग्रजीत तो सतराव्या शतकात आला आणि पुस्तकी राहिला.

नाम एका घरचं, विशेषण दुसऱ्या घरचं

इंग्रजीत किनाऱ्याला 'शोअर' हा साधा शब्द असताना विशेषणासाठी लॅटिनकडे का जावं लागलं? ही त्या भाषेची जुनी सवय आहे. नाम घरचं, विशेषण लॅटिनचं. फळ्यावर अशा जोड्या लिहा :

सन – सोलर
मून – ल्युनर
सी – मरीन
टूथ – डेंटल
शोअर – लिटोरल

नामात आणि विशेषणात एकही अक्षर नात्याचं दिसत नाही, म्हणून मुलं गोंधळतात. त्यांना सांगा, आपणही हेच करतो. घरात आपण 'डोळा' म्हणतो, पण शिबिराच्या फलकावर 'नेत्रतपासणी' लिहितो. घरात 'दात', दवाखान्याच्या पाटीवर 'दंतवैद्य'. कोणी 'डोळेतपासणी शिबिर' लिहीत नाही. आपला औपचारिक शब्द संस्कृतमधून येतो, इंग्रजीचा लॅटिनमधून. एवढं समजलं की इंग्रजीतल्या 'अवघड' शब्दांची भीती निम्मी कमी होते. तो शब्द अवघड नसतो, त्याने ठेवणीतले कपडे घातलेले असतात, इतकंच.

याच तासाला आणखी एक शेजारी ओळखीचा करून द्यावा : रायपेरियन. 'रीपा' म्हणजे नदीचा काठ, म्हणून रायपेरियन म्हणजे नदीकाठचा. 'अराइव्ह' म्हणजे पोचणे, यातही हीच रीपा आहे. मुळात त्याचा अर्थ 'काठाला लागणे'. या दोन शब्दांतला फरक समजावायला देवबागसारखी जागा नाही. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. नदीकडे तोंड करून उभं राहिलं की रायपेरियन, मागे वळलं की लिटोरल. पट्टीच्या टोकाला, जिथे नदी समुद्राला मिळते, तिथे दोन्ही शब्द एक होतात.

आणि 'कोस्ट'? तोही लॅटिनच, पण त्याचा मूळ अर्थ आहे बरगडी. कोस्टा म्हणजे बरगडी, मग बाजू, मग जमिनीची बाजू. डॉक्टर बरगड्यांच्या मधल्या स्नायूंना 'इंटरकोस्टल' म्हणतात ते त्याच शब्दावरून.

किनारा कुठून कुठपर्यंत?

आता खरा प्रश्न. किनारा ही रेघ आहे की पट्टा?

नकाशात आपण किनारा म्हणजे एक निळी-काळी रेघ काढतो. पण दांडीच्या पुळणीवर सकाळी उभं राहा आणि दुपारी पुन्हा जा. रेघ हललेली असते. मग कुठली रेघ खरी?

रोमन लोकांनाही हा प्रश्न पडला होता आणि त्यांनी त्याचं उत्तर कायद्यातच लिहून ठेवलं. सम्राट जस्टिनियनच्या काळात, इ. स. 533 मध्ये, कायद्याचं एक पाठ्यपुस्तक तयार झालं. त्यात लीटुसची व्याख्या आहे. तिचा आशय असा : हिवाळ्यात सर्वांत मोठी लाट जिथवर धावून येते तिथवर समुद्रकिनारा.

हिवाळाच का? आणि लाटच का, भरती का नाही? मुलांना विचार करायला एक दिवस द्या. उत्तर भूगोलात आहे. भूमध्य समुद्र जवळजवळ चारी बाजूंनी बंद, म्हणून तिथे भरती-ओहोटी फारच किरकोळ असते. आणि तिथली वादळं येतात हिवाळ्यात. म्हणून रोमन माणसाने किनारा मोजला तो हिवाळी लाटेने. आपल्या कोकणात कोणी व्याख्या केली असती तर हिवाळ्याचं नावसुद्धा काढलं नसतं. आषाढातलं उधाण जिथवर येतं तिथवर, असंच म्हटलं असतं. शब्द एका भूमीवरून दुसऱ्या भूमीवर जातो तेव्हा त्याचं माप बदलावं लागतं, ते असं.

पुढे हाच शब्द मोठ्या भरती-ओहोटीच्या समुद्रांकाठच्या अभ्यासकांकडे आला. त्यांनी त्याचा नेमका अर्थ ठरवला : भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्या मधला पट्टा. म्हणजे जो दिवसातून दोनदा समुद्र असतो आणि दोनदा जमीन. जीवशास्त्रात 'लिटोरल' म्हटलं की मुख्यतः हा पट्टा समजायचा.

दोन अर्थ आणखी लक्षात ठेवा. बातम्यांत 'हिंद महासागरातली लिटोरल राष्ट्रं' असं वाचलं तर तिथे पट्ट्याचा संबंध नाही. त्या समुद्राला ज्यांचा किनारा लागतो ती सगळी राष्ट्रं, एवढाच अर्थ. भारतीय नौदलाच्या पुढाकाराने 2008 मध्ये अशा राष्ट्रांच्या नौदलांचं एक व्यासपीठ सुरू झालं. 4 डिसेंबर 2023 ला नौदल दिन तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा झाला, तो मुलांनी पाहिलेला आहे. त्यामुळे हा अर्थ त्यांना लगेच कळेल. दुसरा अर्थ गोड्या पाण्याचा. तळ्याच्या काठचा जो उथळ भाग, जिथे तळापर्यंत ऊन पोचतं आणि मुळं धरून पाणवनस्पती वाढतात, त्यालाही 'लिटोरल' म्हणतात. म्हणजे मालवण तालुक्यात समुद्रापासून आत असलेल्या धामापूरच्या तलावालाही लिटोरल भाग आहे.

वरचा, मधला, खालचा

अभ्यासक या पट्ट्याचे तीन भाग करतात आणि ते सांगताना दोन लॅटिन उपसर्ग फुकटात शिकता येतात. 'सुप्रा' म्हणजे वर, 'सब' म्हणजे खाली.

सुप्रालिटोरल : भरतीच्या रेषेच्या वरचा भाग. इथे पाणी पोचत नाही, फक्त खारे तुषार पोचतात. खडकावर चिकटलेले बारके शंख इथे दिसतात. त्यांच्या एका कुळाचं शास्त्रीय नावच लिटोरिना, म्हणजे 'किनारवाली'. त्याच्याच नात्यातलं लिटोरारिया कांदळवनात झाडांच्या खोडांवर चढून बसलेलं दिसतं. वाळूच्या पुळणीवर या भागात जांभळ्या फुलांची वेल पसरते. तिचं मराठी नाव मर्यादवेल. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथून तिची सुरुवात, आणि वाळू धरून ठेवण्याचं काम तिच्या मुळांचं. या नावाएवढी सुंदर व्याख्या मला दुसरीकडे मिळाली नाही. ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात तीही भरतीच्या रेषेच्या वर, कारण पाण्यात बुडालेलं अंडं जगत नाही.

मधला, खरा लिटोरल : दिवसातून दोनदा बुडणारा आणि दोनदा उघडा पडणारा. इथे राहणं सोपं नाही. सहा तास खारं पाणी, सहा तास ऊन. म्हणून इथले जीव एकतर कवच घट्ट मिटून बसतात किंवा बिळात शिरतात. कालवं खडकाला चिकटतात, शिनाणे धाग्यांनी खडक धरून ठेवतात, कुर्ल्या बिळात जातात. 'सुकतीक कालवां काढूक जावया' असं घरात ज्या मुलाने ऐकलं आहे, त्याला हा पट्टा पुस्तकातून शिकवण्याची गरज नाही. फक्त त्याला सांगायचं की तुझी आजी ज्या जागेवर काम करते तिला विज्ञानात हे नाव आहे.

सबलिटोरल : ओहोटीच्या रेषेच्याही खालचा, कायम पाण्याखाली असणारा भाग. मालवणची प्रवाळं इथली. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र 13 एप्रिल 1987 ला सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचं क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. पर्यटक काचा लावून जे बघायला येतात ते सबलिटोरल जग आहे.

आपला शब्द : वेळ

आता आपल्या भाषेकडे वळू. 'किनारा' हा शब्द आपण इतका वापरतो की तो आपलाच वाटतो, पण तो फारसीतून आला. दर्या आणि बंदर हेही तिकडचेच. त्यात वाईट काही नाही, पण मग त्याआधी आपण काय म्हणत होतो?

संस्कृतात शब्द आहे 'वेला'. त्याचे अर्थ बघा : सीमा, काळ, भरती आणि समुद्रकिनारा. हे सगळे एकाच शब्दाचे. मराठीत त्याचा 'वेळ' झाला आणि काळाचा अर्थ मुख्य उरला. पण शेजारच्या गोव्यात कोंकणीत समुद्राच्या पुळणीला आजही 'दर्यावेळ' म्हणतात. शिरोड्याच्या पुळणीचं नाव वेळागर आहे. ते नाव कसं पडलं असेल, हे मुलांना तिथल्या जुन्या माणसांना विचारायला लावावं. आणि परिभाषेतला तो 'वेलांचली' शब्द आता उलगडतो : वेला आणि अंचल, किनाऱ्याचा पदर.

इंग्रजीतही नेमकं हेच घडलं आहे. भरती-ओहोटीला इंग्रजीत 'टाइड' म्हणतात. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता 'काळ, वेळ'. जर्मनमध्ये वेळेला 'त्साइट' म्हणतात, तो त्याचाच भाऊ. 'टाइम अँड टाइड' ही जोडी सगळ्यांना माहीत असते. त्यातल्या 'टाइड' चा अर्थही मुळात वेळ असाच होता, समुद्राचा नव्हता. एकमेकांपासून हजारो मैल लांब असलेल्या दोन भाषांनी समुद्राच्या आणि वेळेच्या कल्पना एकाच शब्दात ठेवल्या, कारण किनाऱ्यावरच्या माणसाचं घड्याळ समुद्रच होतं.

ते घड्याळ आपल्याकडे अजून चालतं. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते आणि हिशेबात आपण रोज पंचेचाळीस मिनिटं धरतो, म्हणून तो अंदाजाचा आहे. पण पाचवीतल्या मुलाला अपूर्णांकाचा गुणाकार शिकवायला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

शिवाय उधाण आणि भांग हे दोन शब्द आहेतच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास थोडं चढतं, थोडं उतरतं, तो भांग. इंग्रजी पुस्तकात यांना 'स्प्रिंग टाइड' आणि 'नीप टाइड' म्हणतात. पाठांतर करूनही मुलं ते उलटसुलट लिहितात. भांग-उधाण माहीत असलेल्या मुलाला फक्त जोडी लावून द्यायची असते.

एवढं सगळं कशासाठी?

पालक विचारतील, परीक्षेत न येणाऱ्या एका शब्दावर एवढा वेळ का घालवायचा?

कारण या पट्ट्याबद्दलचे निर्णय शब्दांनी होतात. केंद्र सरकारची किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 1991 ची, आणि सध्याची जानेवारी 2019 ची. सगळे तिला सीआरझेड म्हणतात. तिचा पाया दोन रेषा आहेत : भरतीरेषा आणि ओहोटीरेषा. उधाणाचं पाणी जमिनीवर जिथवर चढतं ती भरतीरेषा. या दोन रेषांमधल्या पट्ट्याला वेगळा वर्ग दिलेला आहे. घर कुठे बांधता येईल, कुठे नाही, कांदळवन कुठे मोडतं, पुळणीवर काय करता येईल, हे सगळं या रेषांवरून मोजतात. किनारा व्यवस्थापनाचे नकाशे तयार होतात तेव्हा त्यांचे मसुदे लोकांच्या हरकतींसाठी खुले केले जातात. तिथे नकाशावरची रेघ ज्याला वाचता येते त्याचं म्हणणं नोंदलं जातं. ज्याला येत नाही तो 'आमची जागा, आमची जागा' म्हणत राहतो आणि कागद पुढे जातो.

पुळण ही रापण ओढणाऱ्यांची कामाची जागा आहे. होडीतून जाळं अर्धगोलात टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची, हे काम पुळणीशिवाय होत नाही. मासळी वाळत घालायची तीही तिथेच. रोमन कायद्याच्या त्याच पुस्तकात समुद्र आणि त्याचा किनारा हवेसारखाच सर्वांचा मानला आहे. तिथे मच्छीमाराने आसऱ्याला झोपडी बांधावी, जाळी वाळवावी, ती पाण्यातून ओढून घ्यावी, ही मुभा स्पष्ट दिली आहे. दीड हजार वर्षांपूर्वीची ही कल्पना आजच्या भारतातही पोचली आहे. डिसेंबर 1996 मध्ये हिमाचलमधल्या बियास नदीकाठच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रोमन कायद्यापासूनची ही परंपरा सांगितली. समुद्रकिनारा, वाहतं पाणी, जंगल यांचं सरकार मालक नाही, लोकांच्या वतीने विश्वस्त आहे, हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग असल्याचं न्यायालयाने म्हटलं. आणि समुद्र जे किनाऱ्यावर देऊन जातो त्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न तर शिरोड्याने त्याआधीच विचारला होता. मे 1930 मधला शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह म्हणजे दुसरं काय होतं?

म्हणून मुलाकडे दोन्ही शब्द हवेत. 'सुकती' आणि 'लिटोरल'. पहिला नसेल तर जागा कळत नाही, दुसरा नसेल तर कागद कळत नाही. आपण शाळेत बहुतेक वेळा दुसऱ्यासाठी पहिला काढून घेतो. मुलगा 'सुकती' म्हणाला की आपण लगेच 'ओहोटी म्हण' असं दुरुस्त करतो. मला वाटतं, दुरुस्त न करता जोडी लावावी. सुकती, ओहोटी, लो टाइड. तिन्ही फळ्यावर शेजारी शेजारी. कोणालाच खोडायचं नाही.

वर्गात काय करता येईल

1. जोड्यांचा तक्ता : इंग्रजी नाम, त्याचं लॅटिन घराण्यातलं विशेषण आणि शेजारी मराठीतली तशीच जोडी (डोळा–नेत्र, दात–दंत, पाणी–जल). मुलांनी स्वतः दहा जोड्या शोधायच्या.

2. शब्दांची वही : प्रत्येक मुलाने घरातल्या मोठ्या माणसाकडून किनारा, पाणी, वाळू, वारा यांचे पाच शब्द आणायचे. पुळण, खाजण, उधाण, भांग असे काही येतीलच. शब्द, अर्थ आणि कोणाकडून ऐकला ('आजी', 'काका' एवढं पुरे) अशा तीन रकान्यांत लिहायचे.

3. दोन रेषांची फेरी : चतुर्थीच्या सुमाराला सकाळी नऊच्या आसपास पाणी उतरलेलं असतं. शाळेच्या वेळेत बसणारा हा दिवस. भरतीने सोडलेल्या काडीकचऱ्याची ओळ ही वरची रेषा, पाण्याची कड ही खालची रेषा. दोन्हींमधलं अंतर पावलांनी मोजायचं. चार-पाच दिवसांनी अष्टमी-नवमीला पाणी उतरलेलं असताना पुन्हा मोजायचं. भांग आणि उधाण यांतला फरक आकड्यांत दिसतो.

जाण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून घ्यावं, पावसाळ्यात ही फेरी काढू नये आणि सोबत समुद्र जाणणारी मोठी माणसं असावीत. जिवंत शंख-शिंपले उचलायचे नाहीत. बघायचे, मोजायचे, चित्र काढायचं.

4. वाक्यात उपयोग : मुलांनी 'लिटोरल' शब्द तीन अर्थांनी तीन वाक्यांत वापरायचा. एकदा पट्टा, एकदा राष्ट्रं, एकदा तळ्याचा काठ.

किनाऱ्यापासून लांब, कणकवलीकडे किंवा घाटावर शिकवणाऱ्यांनी हाच पाठ तळ्यावर किंवा नदीकाठी घ्यावा. शब्द 'रायपेरियन' असेल, पण रीत हीच. आधी मुलाची जागा, मग मुलाचा शब्द, मग पुस्तकाचा शब्द.

तुमच्या भागातले पाण्याचे आणि काठाचे शब्द जरूर कळवा. आणि सुट्टीत मुलांना घेऊन वेळेवर जा – दोन्ही अर्थांनी.